संघर्षग्रस्त देशांतील स्त्रियांचे मानसिक आरोग्य: आधाराचे काम कोणत्या क्रमाने उभारावे

युद्धाची झळ बसलेल्या प्रदेशात स्त्रियांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करायला निघालेल्या माणसाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: ‘तुमच्यावर नेमके काय ओढवले?’ माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी, प्रशिक्षित व्यक्तीने आणि त्या स्त्रीची इच्छा असेल तरच विचारण्याचा आहे. सुरुवात करायची ती तिच्या आजच्या दिवसापासून. ती पाणी कुठून आणते, रात्री शौचाला जाताना तिला भीती वाटते का, मूल आजारी पडले तर सोबतीला कोण असते, बेपत्ता नवऱ्याचा काही ठावठिकाणा लागला का, हे आधी कळले पाहिजे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत, कारण हा क्रम उलटा झाला तर चांगल्या हेतूने केलेले कामही त्या स्त्रीला अधिक असुरक्षित करून सोडते.

या आग्रहामागे अभ्यासाचा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त लोकसंख्येत कोणत्याही वेळी सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर तणाव विकार, द्विध्रुवीय विकार किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी एखादा विकार असतो, एकूण लोकसंख्येपैकी सुमारे ५ टक्के लोकांचा विकार तीव्र असतो, आणि नैराश्य व चिंता यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळते. याचाच दुसरा अर्थ असा की, भोगलेल्या यातना भयंकर असूनही बहुसंख्य स्त्रियांना मानसिक आजार नसतो. त्यांना दुःख असते, राग असतो, झोप लागत नाही, आणि त्यांना उपचारांपेक्षा सुरक्षितता, माहिती आणि माणसांची सोबत हवी असते. केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिले की युद्धानंतरच्या मानसिक त्रासाचा बराच मोठा भाग प्रत्यक्ष हिंसेइतकाच रोजच्या ताणांतून येतो: बेकारी, दाटीवाटीचा निवारा, घरातली मारहाण, नातलगांपासून झालेली ताटातूट. भूतकाळ आपल्याला बदलता येत नाही, पण या ताणांपैकी काही नक्की हलके करता येतात.

पहिली पायरी: जाण्याआधी आणि पोहोचल्याबरोबर काय पाहावे

संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त स्थायी समितीने २००७ मध्ये आणीबाणीतील मानसिक आरोग्य आणि मनोसामाजिक आधारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि आजही या क्षेत्रातील बहुतेक काम त्यांच्याच चौकटीत चालते. त्यात आधाराचे चार थर सांगितले आहेत. तळाला अन्न, पाणी, निवारा, सुरक्षितता या मूलभूत सेवा सन्मानाने मिळणे. त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्यावर प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ व्यक्तींनी द्यायची केंद्रित मदत. आणि टोकाला मानसोपचारतज्ज्ञांची सेवा. आपली संस्था कोणत्या थरात काम करणार हे आधी ठरवावे आणि उरलेले थर कोण सांभाळते याची माहिती करून घ्यावी. बहुतेक मोठ्या संकटांत या विषयाचा एक समन्वय गट असतो. त्याच्या बैठकीला न जाता स्वतंत्र केंद्र उघडणे म्हणजे त्याच स्त्रियांना तेच प्रश्न चौथ्यांदा विचारणे होय.

पहिल्याच आठवड्यात पुढील सेवांची यादी तयार करावी: प्रसूतिगृह, लैंगिक अत्याचारानंतरचे वैद्यकीय उपचार, मानसोपचाराची औषधे देणारा दवाखाना, कायदेशीर सल्ला, बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणारी यंत्रणा, रोख मदत. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन पाहावे. तिथे स्त्री कर्मचारी आहे का, शुल्क लागते का, वाटेत तपासणी नाका आहे का, कोणत्या वांशिक गटाच्या स्त्रीला तिथे जाणे धोक्याचे वाटेल, या गोष्टी कागदावरच्या यादीत कधीच नसतात. आणि एक नियम काटेकोरपणे पाळावा: पुढे पाठवण्यासाठी जागा नसेल तर घरोघरी फिरून नैराश्याच्या प्रश्नावल्या भरून घेऊ नयेत. जिला आपण ‘मरून जावेसे वाटते का’ असे विचारतो आणि ‘हो’ म्हटल्यावर फक्त आकडा नोंदवून निघून येतो, तिच्यावर आपण अन्याय करतो.

दुसरी पायरी: तळाचा थर, म्हणजे दिवे, कड्या आणि पाणी

मानसिक आरोग्याच्या लेखात शौचालयाच्या कडीबद्दल लिहावे लागते, याचे कारण छावणीत राहणाऱ्या स्त्रियांशी तासभर बोलले की कळते. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणारी, मुलीला एकटे सोडवत नाही म्हणून न झोपणारी स्त्री सतत भीतीच्या पहाऱ्यात जगते, आणि तिला श्वासाचे व्यायाम शिकवून ती भीती जाणार नाही, कारण ती भीती खरी आहे.

मानवतावादी मदतीच्या ‘स्फिअर’ मानकांप्रमाणे सामायिक शौचालय किमान २० व्यक्तींमागे एक असावे, स्त्रियांसाठीच्या आणि पुरुषांसाठीच्या शौचालयांचे प्रमाण ३ : १ असावे, दाराला आतून कडी असावी, पाण्याची जागा निवाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत असावी आणि माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावे. मानसिक आरोग्य कार्यकर्त्याने ही मोजमापे पाठ करावीत आणि स्थानिक स्त्रियांच्या छोट्या गटाबरोबर एकदा दिवसा आणि एकदा, सुरक्षित असेल तर, अंधार पडताना फिरून भीतीच्या जागा टिपाव्यात. मग ती यादी पाणी व निवाऱ्याचे काम करणाऱ्या अभियंत्यांकडे न्यावी आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. चार दिवे लागले, कड्या बसल्या, शिधावाटपाच्या रांगेत गरोदर आणि एकट्या स्त्रियांची वेगळी सोय झाली, तर अनेकींची झोप त्याच आठवड्यात सुधारते, आणि या संस्थेला सांगितलेले काहीतरी होते असा विश्वासही बसतो. पुढचे सारे काम या विश्वासावरच उभे राहते.

तिसरी पायरी: स्त्रियांची जागा

केंद्राच्या फलकावर ‘मानसिक’ हा शब्द नसावा. जिथे मानसिक आजाराला कलंक मानतात तिथे त्या दारातून आत जाणारी स्त्री दुसऱ्या दिवशी चर्चेचा विषय होते. आणि ‘अत्याचारग्रस्त स्त्रियांचे केंद्र’ असे नाव दिले तर तिचा जीवही धोक्यात येऊ शकतो. शिवण, साक्षरता, बाळाचे पोषण, चहा आणि गप्पा अशा सर्वसाधारण कारणांसाठी खुली असलेली, पण आत एक बंद खोली आणि प्रशिक्षित कार्यकर्ती असलेली जागा हा अनेक देशांत टिकलेला मार्ग आहे. वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी, मुले सांभाळण्याची सोय असावी, आणि ज्या येत नाहीत त्यांची वेगळी चौकशी करावी: अपंग स्त्रिया, वृद्ध स्त्रिया, लहान वयात लग्न झालेल्या मुली, घरकामाला जाणाऱ्या. सासरे, नवरे, धर्मगुरू यांना केंद्राचे उघड हेतू आधीच समजावून सांगावेत. त्यांची संमती मिळवण्याची पाळी यावी हे खटकते, पण त्यांना डावलल्याची किंमत आपण मोजत नाही, ती स्त्री मोजते.

जिथे अशी स्वतंत्र जागा चालवणेच अशक्य आहे तिथे दवाखान्याचा आधार घ्यावा. अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये तालिबान राजवटीने स्वयंसेवी संस्थांमध्ये अफगाण स्त्रियांनी काम करण्यास बंदी घातली, तेव्हा आरोग्यसेवेतील कामाला काही प्रमाणात सूट राहिली, आणि त्यामुळे सुईण, परिचारिका आणि लसीकरणाची खोली यांचे मोल कितीतरी पटींनी वाढले. गरोदरपणाच्या तपासणीत ‘झोप कशी लागते? मन कशात रमते का?’ हे दोन प्रश्न विचारायला कोणाच्याही परवानगीची गरज पडत नाही. अनेक समाजांत स्त्रिया नैराश्य सांगतच नाहीत. त्या डोकेदुखी, छातीवरचा भार, सांधे धरणे, ‘फार विचार येतात’ असे सांगतात. त्यांच्याच शब्दांत विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत नोंदवावे.

चौथी पायरी: पहिली भेट

मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये इतर संस्थांच्या सहकार्याने प्रसिद्ध केलेली पद्धत तीन क्रियांवर उभी आहे: पाहणे, ऐकणे, जोडून देणे. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही, संयम मात्र लागतो.

पाहणे म्हणजे आधी जागा सुरक्षित आहे का, कोणाला तातडीची वैद्यकीय गरज आहे का, कोण पूर्ण सुन्न बसून आहे, हे टिपणे. मग जवळ जाऊन स्वतःचे नाव आणि काम सांगावे, पाणी द्यावे, तिच्या पातळीवर बसावे आणि विचारावे, ‘आत्ता तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?’ उत्तर बहुधा व्यावहारिक असते: मुलगा गर्दीत हरवला, औषध संपले, मोबाइल चार्ज नाही. ती बोलत असेल तर ऐकावे. गप्प राहिली तर सोबत बसावे. तपशील उकरू नयेत. ‘देवाची इच्छा’, ‘तुम्ही तरी वाचलात’, ‘मला समजते तुम्हाला कसे वाटते’, ‘सगळे ठीक होईल’ ही वाक्ये टाळावीत, कारण ती बोलणाऱ्याला हलके करतात आणि ऐकणारीला एकटे पाडतात. ‘हे ऐकून फार वाईट वाटले. तुमच्या मुलाचा शोध घेणाऱ्यांपर्यंत मी तुमच्याबरोबर येते,’ हे पुरेसे असते. जे पाळता येणार नाही असे एकही आश्वासन देऊ नये.

दुभाषी शक्यतो स्त्री असावी, तिच्याकडून गोपनीयतेची हमी घेतलेली असावी, आणि ती कोणत्या गटाची आहे हे त्या स्त्रीला मान्य असावे. मुलांना दुभाषी म्हणून कधीही वापरू नये. आईच्या यातनांचे भाषांतर लेकराने करायचे नसते.

दोन गोष्टी इथे स्पष्टच सांगितल्या पाहिजेत. घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव तपशिलात बोलायला लावण्याची एका बैठकीची पद्धत एके काळी फार प्रचलित होती. तिचा उपयोग दिसून आला नाही आणि जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका असे सांगते. तसेच आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी डायझेपामसारखी बेंझोडायझेपीन गटातील औषधे देऊ नयेत, असे तिचे २०१३ चे मार्गदर्शन आहे. गर्दीच्या दवाखान्यात रडणाऱ्या स्त्रीला झोपेची गोळी देणे सोपे असते, म्हणूनच तिथल्या डॉक्टरांशी याविषयी आधीच बोलून ठेवावे.

पाचवी पायरी: लैंगिक अत्याचार झाला असेल तेव्हा

अशा स्त्रियांना शोधत फिरू नये. सेवा उपलब्ध आहे, ती गुप्त आणि मोफत आहे, एवढी माहिती सर्व स्त्रियांपर्यंत पोहोचवावी आणि येणे न येणे त्यांच्यावर सोडावे. जी येते तिच्यासाठी वेळेचे गणित महत्त्वाचे असते: एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळ्या १२० तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या परिणामकारक. त्यामुळे मानसिक आधार देणाऱ्या प्रत्येकीला हे दोन आकडे आणि सर्वांत जवळच्या दवाखान्याचा रस्ता माहीत हवा. मुदत उलटून गेली असली तरी इतर उपचार उपलब्ध असतात, हेही तिला सांगावे.

काही देशांत डॉक्टरांनी अशी घटना पोलिसांना कळवणे कायद्याने सक्तीचे असते. तसे असेल तर ती बोलायला लागण्यापूर्वीच तिला ते सांगावे, म्हणजे किती बोलायचे हे तिला ठरवता येईल. तपासणी, औषध, तक्रार, कुटुंबाला कळवणे, प्रत्येक गोष्टीला तिची वेगळी संमती घ्यावी आणि तिने नकार दिला तर पुढची मदत तितक्याच आपुलकीने चालू ठेवावी. पत्रकार आणि पुरावे गोळा करणाऱ्या संस्था यांच्यासमोर तिला पुन्हा पुन्हा बसवणे हा आणखी एक आघात आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली, इराकमध्ये युद्धकाळातील लैंगिक हिंसा सोसलेल्या कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाची ‘मुराद संहिता’ नेमके हेच सांगते: आधी विचार करा की ही माहिती खरोखर तिच्याकडूनच घ्यायला हवी का.

काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात बुकावू येथे डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये उभारलेले पांझी रुग्णालय वैद्यकीय उपचार, मानसिक आधार, कायदेशीर मदत आणि उपजीविका या चारही गोष्टी एकत्र देते; २०१८ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मुक्वेगे आणि मुराद या दोघांना मिळाले. प्रत्येक ठिकाणी एवढे मोठे रुग्णालय शक्य नाही, परंतु एका दारातून आत आल्यावर चार ठिकाणी चार वेळा तीच कहाणी सांगावी लागू नये, ही त्यामागची दृष्टी लहान दवाखान्यालाही उचलता येते.

सहावी पायरी: स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आखीव मदत

मानसोपचारतज्ज्ञांची वाट पाहत बसले तर बहुतेक संघर्षग्रस्त देशांत पिढी निघून जाईल. सुदैवाने गेल्या दोन दशकांत हे सिद्ध झाले आहे की शालेय शिक्षण झालेल्या, समजूतदार स्थानिक स्त्रिया योग्य प्रशिक्षण आणि नियमित पर्यवेक्षण मिळाल्यास नैराश्य व चिंता कमी करणारी मदत देऊ शकतात.

कोणती पद्धत निवडावी, हे समोरच्या स्त्रियांच्या परिस्थितीवर ठरते. ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आठवड्याला एक अशा पाच सत्रांची आहे. त्यात श्वासाद्वारे तणाव हलका करणे, सोडवता येण्याजोग्या अडचणीचे छोटे तुकडे करून त्यावर काम करणे, निरुत्साहाने सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे आणि आधार देणाऱ्या माणसांशी नाते बळकट करणे, एवढ्या चार गोष्टी शिकवतात. पाकिस्तानात पेशावर येथे, स्वात खोऱ्यातील स्त्रियांच्या गटांत आणि नैरोबीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये तिची चाचणी झाली आहे. स्त्रिया फार आणि कार्यकर्त्या थोड्या अशी स्थिती असेल तर ‘सेल्फ-हेल्प प्लस’ पाहावे. युगांडातील ऱ्हायनो कॅम्प वसाहतीत दक्षिण सुदानच्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांबरोबर झालेल्या चाचणीत ध्वनिमुद्रित सत्रे जुबा अरबी भाषेत वीस-तीस जणींच्या गटाला ऐकवली गेली, सोबत चित्रांचे पुस्तक दिले गेले, आणि तीन महिन्यांनीही मानसिक त्रास कमी झालेला दिसला. कोणालाही स्वतःची हकीकत सांगावी लागली नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी ‘थिंकिंग हेल्दी’ हा कार्यक्रम आहे. ग्रामीण रावळपिंडीत गावच्या आरोग्यसेविकांनी तो बाळाच्या निमित्ताने घरी जाऊन राबवला. सहा महिन्यांनी नैराश्य कायम असलेल्या मातांचे प्रमाण या कार्यक्रमात २३ टक्के, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के होते. सासूलाही त्यात सामील करून घेतले, कारण बाळाचे आरोग्य हा घरातल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय असतो.

लैंगिक हिंसेनंतर आघाताची लक्षणे टिकून असलेल्या स्त्रियांसाठी अधिक सखोल उपचार लागतात आणि तेही स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवता येतात. पूर्व काँगोमध्ये फारसे शिक्षण नसलेल्या स्त्रियांच्या गटांना आघाताविषयीचे विचार तपासून बदलण्याची उपचारपद्धती देण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी त्यांतील ९ टक्के स्त्रियांत संभाव्य नैराश्य किंवा चिंता आढळली, तर केवळ वैयक्तिक आधार मिळालेल्यांत ४२ टक्के. हिंसाचार आजूबाजूला चालूच होता, तरीही हा फरक पडला. मी हा आकडा निधी देणाऱ्यांना वारंवार सांगावा असे म्हणेन, कारण ‘आधी शांतता येऊ द्या, मग उपचार पाहू’ ही सबब त्याने मोडीत निघते.

प्रशिक्षणानंतरचे पर्यवेक्षण मात्र कापता येत नाही. दर आठवड्याला अनुभवी व्यक्तीबरोबर प्रत्येक स्त्रीबद्दल बोलायला वेळ हवा. तो नसेल तर कार्यक्रम सुरूच करू नये.

सातवी पायरी: तीव्र आजार आणि आत्महत्येचा विचार

मनोविकृती, अपस्मार किंवा तीव्र नैराश्य असलेल्या स्त्रिया संकटात सर्वांत आधी विसरल्या जातात आणि शोषणाला सर्वांत आधी बळी पडतात. साध्या डॉक्टरांना हे उपचार करता यावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित संस्थेने २०१५ मध्ये खास मार्गदर्शिका काढली आहे. तिचे प्रशिक्षण आणि औषधांचा अखंड पुरवठा यांची तजवीज करावी. आत्महत्येबद्दल थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बऱ्याच जणींना सुटल्यासारखे वाटते. धोका दिसला तर तिला एकटे सोडू नये, कीटकनाशके, औषधांचा साठा आणि शस्त्रे तिच्या आवाक्याबाहेर ठेवावीत, तिच्या विश्वासातील माणूस सोबत ठेवावा आणि त्याच दिवशी उपचार मिळवून द्यावेत.

ज्यांच्या घरचे माणूस बेपत्ता आहे

या स्त्रिया वरच्या कोणत्याही पायरीत नीट बसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळे लिहितो. कुटुंबांवरील ताणाच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी ज्याला अनिश्चित हानी म्हटले, ती अशी असते की शोक करावा तर आशा सोडल्याचा अपराधीपणा वाटतो, आणि वाट पाहावी तर आयुष्य थांबते. नवरा मेला असे म्हणायला तिला कोणीही भाग पाडू नये. तो येईल असे खोटे सांगूही नये. आशा आणि शोक एकाच वेळी मनात राहू शकतात, असे तिला म्हणता आले की तिच्यावरचा ताण पुष्कळ उतरतो. तिला कायदेशीर मदतही तितकीच निकडीची असते, कारण मृत्यूच्या दाखल्याविना जमीन, बँक खाते, मुलांचे दाखले सारेच अडते. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ च्या संघर्षानंतर आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबांचे गट बांधले, त्यांत बायकांनी एकमेकींना दिलेली सोबत हाच उपचाराचा गाभा ठरला.

आठवी पायरी: काम करणाऱ्या स्त्रिया आणि प्रकल्पाचा शेवट

स्थानिक कार्यकर्ती स्वतःही विस्थापित असते आणि संध्याकाळी त्याच तंबूंत परत जाते. तिला वेळेवर वेतन, दिवसाच्या भेटींची मर्यादा, रजा आणि स्वतःबद्दल बोलण्याची गुप्त सोय मिळालीच पाहिजे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या भत्त्यांतून थोडे वळवले तरी हे जमते.

कामाचे मोजमाप करताना किती जणी आल्या यापेक्षा त्यांची रोजची कामे, झोप आणि माणसांत मिसळणे यांत काय फरक पडला हे विचारावे. नोंदवहीत नावांऐवजी संकेतांक वापरावेत आणि निघून जावे लागले तर त्या नोंदींचे काय करायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

निधी संपण्याच्या किमान तीन महिने आधी स्त्रियांना सांगावे, चालू सत्रे पूर्ण करावीत, नवी प्रकरणे घेणे थांबवावे आणि ज्यांना औषधे चालू आहेत त्यांना स्वतः सोबत जाऊन सरकारी दवाखान्यात जोडून द्यावे. केंद्र स्थानिक स्त्री संघटनेकडे सोपवता आले तर उत्तम. बोस्नियातील ‘मेडिका झेनिका’ १९९३ मध्ये युद्ध चालू असताना स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर आणि बोस्नियन स्त्रियांनी मिळून सुरू केली, आणि युद्धानंतरही तिथल्या स्त्रियांनीच ती चालू ठेवली. अशी मदत किती वर्षे लागू शकते याची कल्पना कोसोवोवरून येते: तिथले युद्ध १९९९ मध्ये संपले, लैंगिक हिंसा सोसलेल्यांना मान्यता देणारा कायदा २०१४ मध्ये झाला, आणि दरमहा २३० युरोंचे निवृत्तिवेतन २०१८ मध्ये सुरू झाले. त्यामुळे निघताना मागे ठेवायच्या कागदांत, स्त्रीची इच्छा असल्यास, तिच्या उपचारांचा एक सीलबंद दाखला असावा आणि तो कुठे सुरक्षित ठेवायचा हे तिच्याबरोबर बसून ठरवलेले असावे.